'केलेलं ९० टक्के लक्षात राहतं' म्हणे!

एचआरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक रंगीत पिरॅमिड वर्षानुवर्षं फिरतोय. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, पाहिलेलं-ऐकलेलं ५०, स्वतः बोललेलं ७० आणि केलेलं ९०. खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव. त्यावरून निघणारा फतवा असा: कामगारांना वाचायला देऊ नका, समजावत बसू नका, थेट ॲक्टिव्हिटी घ्या.

आधी नावाचं बघू. डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात 'अनुभवाचा शंकू' मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी नाहीच. थेट अनुभवापासून शब्दांपर्यंत साधनं कशी अमूर्त होत जातात, एवढंच तो दाखवतो. ही उतरंड समजू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. आकडे १९६७ च्या एका लेखात दिसतात. लेखक तेलकंपनीतला, आणि आधार म्हणून एकही प्रयोग दिलेला नाही.

आकडेही बघा ना, सगळ्यांच्या शेवटी शून्य! माणसांवरच्या प्रयोगात असे निकाल ओळीने कुठे लागतात? शिवाय लक्षात राहतं म्हणजे किती दिवसांनी? एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरणं काळावर ठरतं. मुदत न सांगता दिलेला टक्का म्हणजे मुदत न सांगता दिलेला व्याजदर.

आता खरा मुद्दा, 'करा म्हणजे येतं'. सीएनसी लेथ, म्हणजे आकडे भरून चालवायचं कातकामाचं यंत्र, त्यावरचा नवा ऑपरेटर घ्या. बोअर, म्हणजे जॉबमधलं (कापायच्या तुकड्यातलं) भोक, ०.०५ मिमी मोठं आलं. सुपरवायझर शेजारी उभा राहून सांगतो, वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेची दुरुस्ती भरायची जागा) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, मायनस ०.०५ टाक. पोरगा टाकतो, पुढचा जॉब बरोबर येतो. पिरॅमिडच्या हिशेबाने हे ९० टक्के पक्कं झालं. आठवड्याने नाइट शिफ्टला बोअर लहान येतं आणि तो पुन्हा मायनसच टाकतो, कारण त्याने बटणं पाठ केलीत, टूल कुठल्या बाजूला सरकतं ते नाही; मायनसने भोक आणखी लहानच होतं. बाहेरचा व्यास मोठा राहिला तर जॉब पुन्हा कापता येतो, बोअर मोठं झालं तर स्क्रॅप. हा फरक कुणीतरी ड्रॉइंग समोर ठेवून, शांतपणे, शब्दांत समजावावा लागतो. तेच 'निष्क्रिय' म्हणून हिणवलेलं समजावणं.

हाताने करण्याला माझा विरोध नाही, उलट त्याशिवाय हात बसतच नाही. पण अगदी नवख्याला लगेच अडचणीत ढकलण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला देणं जास्त फळतं, हे स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या विद्यार्थ्यांवर दाखवलं. आणि वाचनाला १० टक्क्यांत काढणाऱ्यांनी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग जरूर बघावा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, ८१ विरुद्ध ७५ टक्के. पण आठवड्याने, एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे सुरुवात दोघांचीही वाचनानेच झाली होती, फरक पडला तो नंतर डोक्याला ताण देण्याने.

गंमत म्हणजे ट्रेनिंग संपल्याबरोबर भरून घेतात तो फीडबॅक फॉर्म बरोबर त्या पाच मिनिटांतच मोजतो. त्यावर सगळे खूश असतात. त्यापेक्षा पुढच्या सोमवारी शिफ्ट सुरू होताना कोरा कागद द्या आणि विचारा: बोअर ०.०३ ने लहान आलंय, काय कराल, आणि का? त्या 'का'पुढे किती कागद कोरे राहतात ते मोजा.