रेकॉर्ड खातो तो प्लेअर नव्हे, पिन

मामांना कुठून तरी आलेला आणि त्यांनी घरच्या ग्रुपवर ढकललेला तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. सुटकेससारखा दिसणारा, स्पीकर पोटातच असलेला ऑल-इन-वन रेकॉर्ड प्लेअर घेऊ नका, तो महिन्याभरात रेकॉर्डी खातो, ऐकायचंच असेल तर पन्नास हजारांचा सुटा सेट घ्या, असं त्यात आहे. आणि चुकून घेतलाच असेल तर पुढे सूचना: पिन उडी मारत असेल तर आर्मवर रुपयाचं नाणं ठेवा, तीन स्पीडचा असेल तर घरातल्या सगळ्या तबकड्या बिनधास्त लावा, मळल्या तर स्पिरिटने पुसा, गळा बारीक येऊ लागला की रेकॉर्ड घासली समजा आणि भंगारात द्या.

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरी असला प्लेअर चार वर्षं चालतोय. वडिलांच्या साठ-सत्तर एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या) आणि आजोबांच्या थोड्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या त्यावर वाजतात. म्हणून मामांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, ते इतकं लांबलं.

आधी तो ‘महिना’. हा आकडा अगदीच हवेतला नाही. स्वस्त ऑल-इन-वनमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, पिन धरणारा भाग) असतं आणि त्याला बहुतेक वेळा कृत्रिम नीलमाची पिन. ही पिन साधारण पन्नास तास नीट चालते. एलपीच्या दोन्ही बाजू धरून चाळीस मिनिटं, म्हणजे पन्नास तासांत पंचाहत्तर एलपी. रोज दोन ऐकल्या तर सव्वा महिन्यात पिन संपली. संपली म्हणजे बोथट झाली असं आपल्याला वाटतं, पण होतं उलटंच. गोल टोक दोन्ही अंगांनी घासून सपाट होतं, त्या सपाटीला धारदार कडा येतात आणि त्या कडा खाच तासत जातात. म्हणजे महिन्याने रेकॉर्ड खाल्ली जाते हे खरं, फक्त खाणारी पिन असते. पेटी जन्मभर तीच ठेवा, पिन बदला. ती काही शे रुपयांत मिळते, पुढे ओढली की निघते, नवी ढकलली की बसते. हिऱ्याची मिळाली तर तीच घ्या, पाचशे तास तरी बघायला नको. मी कालनिर्णयच्या चौकोनात एका एलपीला पेन्सिलची एक रेघ मारतो. पिनेचं वय भिंगाने कळत नाही, रेघांनी कळतं.

वजनाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. सिरॅमिक कार्ट्रिज ताठ असतं, त्याला खाचेत राहायला पाच-सहा ग्रॅम भार लागतो. चुंबकवाल्या चांगल्या कार्ट्रिजला दीड ते तीन पुरतात. जास्त भाराने झीज जास्त, यात वाद नाही. पण चांगल्या पिनेने सहा ग्रॅम आणि झिजलेल्या पिनेने सहा ग्रॅम यांत फार फरक आहे. एक सांगतो, आमच्याकडची एक एलपी खरोखर कायमची गेली, ती प्लेअरने नाही. मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली दुपारभर राहिली आणि संध्याकाळी हातात आली ती पसरट वाटी. व्हिनाइल साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी तेवढी सहज तापते. पत्र्याखालच्या माळ्यावरही रेकॉर्डी ठेवू नका. आणि आडव्या चळतीत तर नकोच, पुस्तकांसारख्या उभ्या.

आता नाणं. इथे मेसेज स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. वर म्हणायचं हे यंत्र फार दाबतं, आणि खाली त्यावर आणखी तीन-चार ग्रॅमचं नाणं ठेवायचं! पाच ग्रॅमचा भार नऊवर जातो आणि सिरॅमिकमधला नाजूक भाग वाकतो. उडी का मारते ते आधी बघा. माझा प्लेअर सुरुवातीला लाकडी शोकेसवर होता. तबल्याचा बायाँ जरा घुमला की पिन दोन खाचा ओलांडून पुढे. गवय्या तान अर्धी सोडून समेवर हजर! कारण साधं होतं: स्पीकर आणि पिन एकाच डब्यात. बायाँचा घुमारा लाकडातून आर्मपर्यंत पोहोचतो आणि पिन हलवतो. ऑल-इन-वनची खरी खोट ही आहे, आणि मेसेजमध्ये नेमका तिचाच उल्लेख नाही. मी मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून वायर काढून जुन्या होम थिएटरला जोडली, आतला आवाज पूर्ण खाली केला, प्लेअर भिंतीतल्या कडाप्प्याच्या फळीवर नेला. उड्या थांबल्या. घेताना ही सॉकेट मागे आहेत ना, ते बघा. ‘ब्लूटूथ आहे’ एवढ्यावर भुलू नका. बऱ्याच मॉडेलांत ते मोबाइलवरचं गाणं प्लेअरवर ऐकण्यापुरतं असतं, प्लेअरचा आवाज बाहेरच्या स्पीकरला जात नाही. मी याच भ्रमात एक ब्लूटूथ स्पीकर घेतला, तो आता धाकटीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे.

प्लेअर सपाट आहे का तेही तपासा. मोबाइलमधलं लेव्हल दाखवणारं अ‍ॅप पुरतं.

तीन स्पीडचं म्हणणं सगळ्यात घातक, कारण ऐकायला ते बरोबर वाटतं. ७८ फेऱ्यांचं बटण असलं म्हणजे ७८ची तबकडी वाजते, पण फिरवणं वेगळं आणि पिन बसणं वेगळं. १९४८ साली एलपी आली ती बारीक खाच घेऊन. तिची पिन मिलच्या (इंचाचा हजारावा भाग) मापात साधारण ०.७, जुन्या ७८ची ३. एलपीची बारीक पिन ७८च्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. त्यात ७८ची तबकडी लाखेची, आणि लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली, कारण त्या काळची लोखंडी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी अशी सोय होती. तीच पूड तुमची नीलमाची पिन घासते. मग संध्याकाळी त्याच पिनेवर भीमसेनजींची एलपी लावायची? आजोबांची बालगंधर्वांची तबकडी मी वर्षातून एकदा, पाडव्याला लावतो, तीही ७८ची वेगळी पिन बसवून. जुन्या पोर्टेबल प्लेअरना यासाठी पलटणारं कार्ट्रिज असायचं, एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. असा जुना प्लेअर हाती लागला तर पिन कोणत्या बाजूला आहे ते बघूनच आर्म खाली टेकवा.

पन्नास हजारांबद्दल थोडक्यात. दहा-वीस रेकॉर्डी आणि रविवारची सकाळ एवढाच कारभार असेल तर ऑल-इन-वन पुरे. शंभराच्या वर एलपी असतील आणि रोज ऐकत असाल तर चुंबकवालं कार्ट्रिज हवंच, पण त्यालाही पन्नास हजार लागत नाहीत. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०सारखा साधा टर्नटेबल, प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच असलेला, निम्म्याहून कमीत येतो. तोही घरातल्या स्पीकरलाच जोडायचा.

स्पिरिट लाखेच्या तबकडीला लावलंत तर ती विरघळते. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच करतात, हे कोणताही सुतार सांगेल. एलपीला भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि डिस्टिल्ड वॉटर, बस्स. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर बादलीवर बसतो तोच पांढरा थर खाचेत बसतो. आणि सोलापुरात राहून हे लिहिताना जीभ अडखळते, पण टर्किश टॉवेलने रेकॉर्ड पुसू नका. त्याचे तंतू पिनेला गुंडाळतात. आमच्या पूर्व भागात मागांमुळे हवेतच सुताचे तंतू असतात, दोन बाजू वाजल्या की पिनेला करड्या मिशा फुटतात. मऊ ब्रशने मागून पुढे एकदा, उलटा कधीच नाही.

राहिला बारीक गळा. घासलेली रेकॉर्ड खरखरते, स आणि श फाटल्यासारखे येतात, पण गळा बारीक होत नाही. तो वेगाचा दोष. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि तीन मिनिटं मोजा: ३३⅓च्या वेगाला बरोबर शंभर फेरे पडले पाहिजेत. बऱ्याच स्वस्त प्लेअरमध्ये मोटरच्या भोकात बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून वेग जुळतो. शंभरपेक्षा कमी पडत असतील तर बेल्ट सैल झालाय का ते बघा. परवा मामांकडे होटगी रोडला जाऊन मोजले. एकशे सहा. म्हणजे हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गाणारा माणूस त्यांच्याकडे अर्ध्या सुराने वर, पांढरी दोनमध्ये गातो, आणि असल्या अकरा एलपी त्यांनी भंगारवाल्यासाठी जिन्याखाली काढून ठेवल्या होत्या. त्या मी उचलून आणल्या.