म्हणे, पोरांना सहनशक्ती नाही!

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "हल्लीच्या पोरांना सहनशक्तीच नाही. आम्ही बापाचा पट्टा खाऊन मोठे झालो." खाली अंगठ्यांची रांग. विषय काय, तर बी विंगमधल्या नववीतल्या मुलाने आईशी भांडताना रिमोट भिरकावला आणि टीव्ही फुटला. टीव्ही केवढ्याचा होता ते सगळ्यांनी विचारलं. पोरगं रात्री झोपतं का, हे एकानेही नाही.

माझा भाचा मेडिकलच्या नीट परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला होता. क्लासमध्ये दर टेस्टनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलायची आणि यादी जिन्यापाशी लागायची. एका रविवारी त्याचं नाव खालच्या बॅचमध्ये गेलं. पोरगा रूमवर आला, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या बायोच्या नोट्स टराटरा फाडल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्याच्या एसटीत बसला. पहाटे माझ्या दारात. "का रे असं केलंस?" तर म्हणे, "माहीत नाही गं मावशी."

त्याच्या बाबांना हे उत्तर उर्मट वाटलं. मला ते शंभर टक्के खरं वाटलं. या वयात भावना उसळतात जोरात, आणि "थांब, विचार कर" म्हणणारा कपाळामागचा मेंदू पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यात वयात येताना झोप मुळातच उशिरा लागते, आणि आपण क्लास लावतो पहाटेचे! अर्धवट झोप, वर चारचौघांत अपमान. त्या क्षणी त्याला खरंच माहीत नव्हतं.

लाडाने बिघडलेली पोरंही असतात, मान्य. फाडलेल्या नोट्सबद्दल बोलायलाही हवं. पण हात थरथरत असताना नाही. त्या पहाटे तो चहात पोळी बुडवून खात होता आणि तुकडा तोंडाशी जाईपर्यंत कपात पडत होता. मिसरूड फुटलेला, माझ्याहून वीतभर उंच पोरगा. मी आणखी काही विचारलं नाही. दुपारपर्यंत झोपला, आणि संध्याकाळी आपणहून म्हणाला, "नोट्स फाडायला नको होत्या."

आणि ती जिन्यापाशीची यादी? शक्यतो मार्कांवरून बॅच पाडू नका, पोरांची चारचौघांत लाज काढू नका, 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्येच बजावलंय. तरी आपलेच आईबाप त्या यादीचा फोटो स्टेटसला लावतात! पोरगं वर असलं की पेढे, खाली गेलं की घरात अबोला. संताप येतो मला.

काका, तुम्ही पट्टा खाऊन उभे राहिलात, ते तुमचं बळ. पण तुमच्याच वेळी नापास झाल्यावर घर सोडून मुंबईला पळालेली पोरंही होती. ती कुठे या ग्रुपवर आहेत तुम्हाला उत्तर द्यायला?

भाच्याने पुढे क्लास बदलला, आता जरा हसतो-बोलतो. त्याला दार ठाऊक होतं म्हणून तो आला. ज्याला असं दार नाही त्याच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. घरात पोरांच्या नजरेला पडेल असा लिहून ठेवा. आणि पुढच्या पालकसभेत फीचा विषय निघायच्या आधी समुपदेशक कोण आहे ते विचारा. नसेल, तर कधी नेमणार ते लेखी मागा.