चोवीस तास भिजवाल तर मोड नाही, वास येईल

मोडांविषयीचा एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, सांगणं तेच राहतं: कोणतंही कडधान्य चोवीस तास भिजवा, भिजवणाचं पाणी टाकू नका, फडक्यात घट्ट बांधून दोन दिवस विसरून जा, मोड जितका लांब तितका गुण जास्त, प्रथिनं दुप्पट होतात, बी-१२ सुद्धा मिळतं, आणि हे सगळं कच्चंच खायचं, कारण शिजवलं की सत्त्व गेलं. मोड चांगलेच, त्याबद्दल वाद नाही. पण हा मेसेज वाचून पहिल्यांदाच मोड काढायला बसलेल्याच्या हाती आंबूस, बुळबुळीत मटकी येते आणि तो ‘हे आपलं काम नाही’ म्हणून बाजारातले मोड आणायला लागतो. तेव्हा एकेक दावा घेऊ.

‘चोवीस तास भिजवा’

दाणा हवं तेवढं पाणी पहिल्या काही तासांतच पिऊन घेतो. मूग, मटकी, मसूर, चवळी ८ तासांत पूर्ण फुगतात. हरभरा, कुळीथ, वाटाणा आणि वाल यांना १० ते १२ तास लागतात. एकदा फुगला की त्याला पाण्यापेक्षा हवेची गरज जास्त. जागं झालेलं बी श्वास घेतं, त्याला प्राणवायू लागतो, आणि बुडालेल्या दाण्याला तो पुरेसा मिळत नाही. दाणा गुदमरतो, त्यातली साखर पाण्यात उतरते, त्या पाण्यावर जिवाणू पोसतात. वर आलेला फेस आणि आंबूस वास ही त्याचीच खूण. मे महिन्यातल्या नागपुरात तर रात्रभर भिजवलेल्या मुगाचं पाणीही सकाळपर्यंत फेसाळतं. तिथे मधे एकदा पाणी बदलावं.

एक वाटी कडधान्याला तीन वाट्या पाणी घ्या, कारण दाणा फुगून वर आला आणि कोरडा राहिला तर त्याला मोड येत नाही. थंडीत पाणी कोमट घ्या, हाताला सोसेल इतकंच.

चोवीस तासांची ही कल्पना बहुधा मटकीतल्या गणंगांमुळे निघाली असावी. पाणी उपसून मटकी ताटात पसरली की काही दाणे तसेच बारीक आणि चकचकीत दिसतात. त्यांचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आत शिरतच नाही. त्यांच्यासाठी बाकीच्या मटकीला आणखी बारा तास बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. ते वेचून टाका, नाहीतर उसळीत दाताखाली खडा आल्यासारखे लागतील.

‘कोणतंही कडधान्य चालतं’

नाही. डाळीला मोड येत नाही, कारण भरडताना अंकुर तुटतो. अख्खा मसूर चालेल, मसूरडाळ नाही. जुनं कडधान्यही दगा देतं: शिजतं नीट, पण उगवत नाही. शंका असेल तर शेतकरी सोयाबीन पेरण्याआधी करतात ती उगवण चाचणी करा. ते ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवतात आणि ७० उगवले तर बियाणं पेरण्याजोगं धरतात. घरी ओल्या रुमालात ५० दाणे पुरे. दोन दिवसांत ४० ना मोड आले नाहीत तर त्या मालाची साधी भिजवून उसळ करा. मोड काढताना न उगवलेले दाणेच आधी कुजतात आणि चांगल्यांना बिघडवतात.

साठवणीसाठी एरंडेल चोळलेलं कडधान्य असेल तर आधी कोमट पाण्याने दोन-तीनदा चोळून धुवा. तेलाच्या थरामुळे दाणा उशिरा भिजतो. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं पेरणीचं बियाणं मात्र खायला कधीही घेऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, गुलाबी-लाल रंग त्यासाठीच देतात, आणि ते धुऊन जाईल या भरवशावर राहता येत नाही.

दोन नावं वेगळी सांगायला हवीत. पहिलं राजमा. त्यात लेक्टिन जातीचं विषारी द्रव्य असतं. कच्चे चार-पाच दाणेही उलट्या-जुलाब सुरू करायला पुरतात, आणि मोड आल्याने ते भरवशाने जात नाही. राजमा भिजवायचा, पाणी टाकायचं आणि ताज्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळून उकळायचा किंवा कुकरला लावायचा. मंद आचेवर कोमट ठेवलेला राजमा कच्च्याहूनही वाईट. दुसरं ज्वारी. ‘धान्यांचे मोड’ म्हणून सॅलडमध्ये ज्वारीचे कच्चे कोंब सुचवणाऱ्या पोस्टही दिसतात. कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, म्हणूनच कोवळी ज्वारी चरलेली जनावरं दगावतात. भाकरीच्या ज्वारीला भिण्याचं कारण नाही, पण कोंब काढून कच्चे खाण्याचं हे धान्य नव्हे.

शिकायला सर्वांत सोपा मूग, मग मटकी. वाटाणा आणि सोयाबीन नवख्याने नंतरच हाती घ्यावेत, दोन्ही लवकर वास मारतात.

‘भिजवणाचं पाणी टाकू नका’

टाकाच. पोटात वायू धरणाऱ्या ज्या साखरा कडधान्यात असतात, त्यांचा काही भाग याच पाण्यात उतरतो, शिवाय दाण्यावरची धूळ आणि जिवाणूही. थोडी जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण त्यासाठी तेच पाणी आमटीत घालणं म्हणजे केर काढून पुन्हा घरातच ओतणं. झाडांना घाला.

‘घट्ट बांधा आणि दोन दिवस विसरा’

मोड बिघडण्याचं हे सर्वांत मोठं कारण. दाण्यांना एकाच वेळी ओल हवी आणि हवा हवी. घट्ट गाठोड्यात मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही, शिवाय उगवताना बी उष्णता सोडतं. अर्धा किलो मटकीच्या आवळलेल्या पुरचुंडीत मधोमध बोट घातलं तर ती कोमट लागते. वास तिथूनच सुरू होतो.

पाणी पूर्ण निथळू द्या, चाळणीत दहा-पंधरा मिनिटं. सुती पंचा किंवा मलमलचं फडकं ओलं करून घट्ट पिळा. ते चाळणीत अंथरा, त्यावर दाण्यांचा दोन बोटं जाडीचा थर, वरून फडक्याचे पदर सैल दुमडा. चाळणी पातेल्यावर ठेवा म्हणजे उरलंसुरलं पाणी खाली गळेल, आणि वर झाकण थोडं कलतं. दर ८ तासांनी, उन्हाळ्यात दर ६ तासांनी, दाणे पिण्याच्या पाण्याने खळबळून पुन्हा निथळवा. विसरायचं असेल तर एवढंच विसरा की मधेमधे उघडून चिवडायचं असतं. धुण्याव्यतिरिक्त हात लावू नका, मोड तुटतात.

२८ ते ३० अंशांच्या आसपास मुगाला १२ ते १८ तासांत मोड येतो. मटकी आणि मसूर एक दिवस घेतात, चवळीही तेवढाच. हरभरा, कुळीथ, वाल यांना दीड दिवस धरा. जानेवारीत नाशिक-पुण्याकडे रात्री पारा १०–१२ अंशांवर उतरतो तेव्हा हेच वेळ सहज दुप्पट होतात. तिथे चाळणी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून, किंवा गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी डब्यात ठेवा. कोकणात पावसाळ्यात अडचण उलटी, फडकं वाळतच नाही. तिथे दर धुण्याला दुसरं कोरडं फडकं घ्यावं आणि वापरलेलं उकळून वाळवावं.

तीन मजली प्लॅस्टिकचं मोडपात्र वापरत असाल तर खालच्या मजल्यावर साचलेलं पाणी प्रत्येक वेळी ओता. छिद्रांत अडकलेली टरफलं ब्रशने काढा, पुढच्या खेपेचा वास तिथून येतो.

घोटाळा होतो तो पांढऱ्या लवीत. मोडाच्या मुळावर, टोकाच्या थोडं मागे, मऊ पांढरे केस दिसले तर ती मूळरोमं. पाण्याखाली धरली की बसतात, वास येत नाही. बुरशीचं जाळं कोळिष्टकासारखं दाण्यादाण्यांत पसरतं, टरफलावरही चढतं, पुढे करडं किंवा काळं होतं आणि कुबट वास मारतं. तशी खेप सगळी टाका, वरवरचे दाणे काढून उरलेले वापरू नका. मेथी मात्र मुळातच बुळबुळीत असते. तिच्या बाबतीत वासावर जा, स्पर्शावर नाही.

‘मोड जितका लांब तितका गुण जास्त’

मोड वाढतो तो दाण्यातल्या साठ्यावर. उसळीसाठी अर्धा ते एक सेंटिमीटर मोड उत्तम: दाणा भरलेला राहतो आणि लवकर शिजतो. बोटभर लांब झाला की चव गवताळ होते, मेथी-मटकी कडवट लागते. चिनी पदार्थांतले लांब पांढरे मुगाचे कोंब हा वेगळाच प्रकार. ते अंधारात, वरून वजन ठेवून, दिवसातून अनेकदा पाणी देत चार ते सहा दिवस वाढवतात. त्यांत कोंब खायचा असतो, आपल्या उसळीत दाणा.

‘प्रथिनं दुप्पट, बी-१२ फुकट’

१०० ग्रॅम सुक्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. मोड आले की त्याच मुगाचं वजन पाणी पिऊन अडीचपट, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम होतं, आणि त्यात प्रथिनं तीच २४ ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅम मोडांत १० ग्रॅमच्याही खाली. लांब चिनी कोंबांत ९० टक्के पाणी असतं, तिथे हा आकडा ३ ग्रॅमवर येतो. पाणी वजा करून टक्केवारी काढली तर ती थोडी वाढलेली दिसते, कारण उगवताना पिष्ट खर्ची पडतं. प्रथिनं कुठून आली नाहीत, भागाकारातली खालची संख्या लहान झाली. लोह-कॅल्शियमचंही तेच. बी नुसत्या पाण्यातून खनिजं निर्माण करत नाही.

बी-१२ जिवाणू बनवतात, वनस्पती नाही. मोड शाकाहारी माणसाची ती उणीव भरून काढत नाहीत, आणि या भरवशावर गोळ्या बंद करणं महागात पडेल.

मोडांनी जे होतं तेही थोडकं नाही. लोहाला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणून आहे तेच लोह अंगी जास्त लागतं, वरून लिंबू पिळलं तर आणखी. वायू धरणाऱ्या साखरा घटतात. शिजायला वेळ कमी लागतो. आणि सुक्या दाण्यात नावापुरतं असलेलं क जीवनसत्त्व वाढतं.

‘कच्चेच खा, शिजवलं की सगळं गेलं’

या क जीवनसत्त्वाच्या नावानेच कच्च्याचा आग्रह धरला जातो, म्हणून आकडे पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांत मुगाच्या १०० ग्रॅम कच्च्या कोंबांत ते सुमारे १३ मिलिग्रॅम, आणि उकडलेल्यांत सुमारे ११. एवढ्या फरकासाठी जी जोखीम घ्यायची ती पाहू. एका पेरूत याच्या कितीतरी पट मिळतं.

दाण्याला मोड यायला जी हवा लागते, उबदार, ओलसर, एक-दोन दिवसांची, तीच जिवाणूंना लागते. शेतात, खळ्यावर, पोत्यात दाण्याच्या चिरांत जे थोडे साल्मोनेला किंवा ई. कोलाय शिरलेले असतात, ते मोड येईपर्यंत प्रचंड वाढतात आणि कोंबाच्या आतही जातात. वरून धुऊन ते निघत नाहीत, आणि त्यांना वासही असेलच असं नाही. २०११ च्या उन्हाळ्यात उत्तर जर्मनीत ई. कोलायची साथ आली. जवळजवळ ४,००० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. बी इजिप्तहून आलेलं होतं. तिकडे मोड सॅलडमध्ये कच्चे खायची पद्धत आहे.

आपल्याकडची जुनी पद्धत पाहा. मटकीची उसळ, मिसळ, मोड आणून सोललेल्या कडव्या वालांचं बिरडं, गोव्याच्या मुगागाठी: मोड सगळीकडे, आणि सगळीकडे शिजवलेले. कच्च्या मोडांची वाटी ही आहाराच्या पोस्टींतून आलेली नवी सवय आहे.

‘कच्च्यातली जिवंत एन्झाइम्स आपलं अन्न पचवतात’ हेही त्यातलंच. ती बियाने स्वतःच्या रोपासाठी बनवलेली असतात. आपल्या जठरात त्यांचं इतर प्रथिनांसारखंच विघटन होतं.

गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, वृद्ध, केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असलेले, यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. बाकीच्यांना कोशिंबीर हवीच असेल तर मोड उकळत्या पाण्यात टाका, पुन्हा उकळी आली की २ ते ३ मिनिटं ठेवा, निथळवा. मुगाचा कुरकुरीतपणा बऱ्यापैकी टिकतो. उसळीला मूग-मटकी झाकण ठेवून ८ ते १० मिनिटांत होतात. कुकरला मऊ लगदा होतो, तो हरभरा आणि कुळिथासाठी ठेवा. सोयाबीनचे मोड कच्चे नकोतच, त्यातलं प्रथिनांचं पचन अडवणारं द्रव्य नीट शिजवल्यावरच निकामी होतं.

‘फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात’

तीन दिवस, फार तर चार, तेही निथळून, पुसून, तळाशी कोरडं फडकं घातलेल्या डब्यात. ओले ठेवले तर दुसऱ्याच दिवशी चिकटतात. थंडीने जिवाणूंची वाढ मंदावते, आधीचे मरत नाहीत. जास्त झालेले मोड उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, एका उसळीपुरत्या पुड्या बांधून फ्रीझरला टाका. बाजारातलं पाकीट घेत असाल तर दुकानातच तारखेबरोबर तळही पाहा. खाली पाणी सुटलेलं असेल तर ते परत ठेवा.