वेशीवर मारुती आणि ताटात माकडाचा मेंदू

परदेशातल्या पहिल्या नोकरीत जेवणाच्या सुट्टीत एका कलीगने अगदी प्रेमाने विचारलेलं, तुमच्याकडे माकडाचा मेंदू खरंच खातात का? माझ्या डब्यात मेथीची भाजी आणि पोळी. त्याला काय बोलणार, बिचाऱ्याने लहानपणी इंडियाना जोन्सचा 'टेंपल ऑफ डूम' पाहिलेला, भारताबद्दल झालेलं शिक्षण तेवढंच.

परवा तो पिक्चर परत लावला. १९८४चा आहे, गोष्ट १९३५ची. पंकोत नावाच्या राजवाड्यात मेजवानी चाललीये, भलामोठा साप फाडला की आतून जिवंत पिल्लं वळवळत टेबलभर, एकजण किडा फोडून चोखतोय, सूपात डोळे तरंगतायत आणि शेवटी गोड म्हणून माकडाच्या मुंडक्यात गारेगार मेंदू. अहो, आमच्याकडे माकडं कौलं फोडतात, शेंगा उपटून नेतात, तरी माणसं शिव्या घालत घालत शनिवारी मारुतीला तेल वाहतात, आणि तुम्ही त्यालाच वाटीत वाढताय?

पण मला माकडापेक्षा जास्त खटकलं ते गाव. आपल्या सरकारने स्क्रिप्ट बदला म्हणून सांगितलं, पिक्चरवाल्यांना ते नको होतं, मग शूटिंग गेलं श्रीलंकेत आणि आपल्या 'भारतीय' खेड्यातली माणसं चक्क सिंहली बोलतायत. कोणाला काय फरक पडतो? ती माणसं काही म्हणतायत असं धरलेलंच नाही ना, त्यांची भाषा म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक. (ठगांचा पुजारी मोला राम मात्र अमरीश पुरींनी असला जबरी केलाय की त्यांच्यावर राग धरवत नाही.)

आणि पिक्चरमधले ते कालीला माणसं बळी देणारे ठग आणि ती देवी पिक्चरवाल्यांनी शोधली नाही हां, ते जुनं आहे. मेडोज टेलर नावाच्या इंग्रजाने १८३९ला ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली, इंग्लंडात तुफान खपली, त्यातले ठग भवानीचं नाव घेऊन गळे आवळतात. मी तुळजापूरकडचा, आमच्या घरात लग्न झालं की भवानीचा गोंधळ, आजी उठता बसता आई आई करायची, त्यामुळे ते वाचताना कसंतरीच होतं. गंमत म्हणजे टेलर काही लंडनमध्ये बसून थापा मारणारा नव्हता, त्याची हयात निजामाच्या मुलखात गेली, पुढे नळदुर्गला अधिकारी होता, आणि १८६३ला त्याने 'तारा' लिहिली, तुळजापूरच्या मुलीची, त्यात शिवाजी महाराज आहेत, अफझलखान आहे. ती आज कोण वाचतं? गळा आवळणारा तेवढा लक्षात राहिला.

आपणही काही कमी नाही म्हणा, हिंदी पिक्चरमधले पानं गुंडाळलेले झिंगालाला करणारे आदिवासी आठवा, आपण सगळे खिदळलोय त्यावर.

त्या कलीगला मी मेथी दिली खायला. जरा कडू आहे म्हणाला. होती, त्या दिवशीची खरंच कडू होती.