"पट्टे करकचून आवळा": जुन्या ट्रॅक्टरच्या टाकीचा घात करणारा सल्ला

जुने ट्रॅक्टर पुन्हा उभे करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. तो साधारण असा: "डिझेलची टाकी हलायला लागली की पट्टे करकचून आवळा. खालचं रबर गेलं असेल तर टायरच्या ट्यूबचा तुकडा घाला. ब्रॅकेटला तडा असेल तर जागेवरच वेल्डिंग मारा. गंजलेले बोल्ट काढून त्याच जाडीचे स्टेनलेसचे टाका. टाकी उतरवायची गरज नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे." यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य टाकीच्या मुळावर येणारं आहे, आणि एक तर माणसाच्या जिवावर बेतणारं. म्हणून एकेक तपासून पाहू.

"पट्टे करकचून आवळा"

पट्टा सैल झाला म्हणून टाकी हलते, इथपर्यंत ठीक. पण पट्टा आपण होऊन सैल होत नाही. खालचं रबर दबून पातळ झालेलं असतं, किंवा ब्रॅकेटची बैठक गंजून खाली गेलेली असते. नट फिरवल्याने यातलं काहीच भरून येत नाही.

50 लिटर डिझेलचं वजन सुमारे 42 किलो भरतं. जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंग नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सचं घर हाच त्याचा सांगाडा, त्यामुळे चाकाखालचा प्रत्येक खड्डा आणि इंजिनचे हादरे थेट टाकीच्या बैठकीपर्यंत येतात. वर टाकीचा पातळ पत्रा आणि आत डचमळणारं डिझेल. या दोघांमध्ये रबर असतं ते टाकीला किंचित हलू देण्यासाठीच. पट्टा करकचून आवळला की रबर चेपून दगडासारखं होतं आणि सगळा ताण पट्ट्याच्या कडेखाली किंवा टाकीच्या जोडावर जातो.

पट्टा काढल्यावर टाकीच्या वाकाच्या जागेवर नीट पाहा. रंग निघून चकचकीत झालेली एक रेघ दिसते. तिच्यावरून नख फिरवलं तर अडकतं. ती खाच पट्ट्याच्या कडेने कोरलेली असते, आणि गळती बहुतेक वेळा तिथूनच किंवा शेजारच्या जोडातून सुरू होते. पट्ट्याकडेही पाहा. त्याच्या टोकाला ज्या वळणात बोल्ट अडकतो, तिथे आतल्या बाजूने केसासारखी चीर असते. अशा पट्ट्याला डागडुजी करू नका, त्याच जाडीच्या आणि रुंदीच्या पट्टीचा नवा करा. कडा कानशीने गोल करायला विसरू नका.

आवळण्याआधी एक तपासणी हवीच. रिकामी टाकी पट्ट्याशिवाय बैठकीवर ठेवा आणि प्रत्येक रबराखाली कागदाची पट्टी सरकवून पाहा. चारपैकी तीन ठिकाणी पट्टी अडकली आणि चौथ्या ठिकाणी मोकळी फिरली, तर ब्रॅकेट पिळलेला आहे. असाच पट्टा ओढला तर टाकी त्या कोपऱ्याकडे पिळली जाते आणि काही दिवसांत जोड उघडतो. आधी ब्रॅकेट सरळ करा. फरक मिलिमीटरभराचा असेल तर ब्रॅकेट आणि रबर यांच्यामध्ये पत्र्याची पट्टी द्या.

मग दोन्ही पट्ट्यांचे नट हाताने लावा आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या. पट्ट्यातला ढिलेपणा गेला, रबराची कड किंचित फुगली आणि दोन्ही हातांनी ढकलूनही टाकी सरकेनाशी झाली, की थांबा. अंगठ्याने दाबल्यावर रबराची कड अजून दबली पाहिजे. वरून चेकनट, म्हणजे पहिला सुटू नये म्हणून दुसरा नट, लावा. टाकी भरल्यावर वजनाने रबर बसतं, म्हणून भरल्या टाकीवर एकदा आणि आठ-दहा तास काम झाल्यावर पुन्हा एकदा नट तपासा.

"ट्यूबचा तुकडा घाला"

ट्यूब बहुधा ब्युटाइल रबराची असते. हवा धरून ठेवायला ते उत्तम, पण डिझेल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. साधं नैसर्गिक रबर आणि दारं-खिडक्यांच्या पट्ट्यांचं ईपीडीएम यांचीही तीच गत. टाकीखाली डिझेलचा थेंब कधी ना कधी येतोच, त्यामुळे इथे नायट्राइल रबरच हवं, तेही मूळ जाडीचं. शंका असेल तर तुकड्याची जाडी व्हर्नियरने मोजा, रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. मऊ पडला किंवा जाडी स्पष्ट वाढली तर तो कामाचा नाही. गोणपाट किंवा नमद्याचा तुकडाही नको. तो पाणी धरून ठेवतो आणि टाकी खालून कुजते. रबर चिकटवायचं ते ब्रॅकेटला. टाकीच्या बाजूला चिकटवलं तर मध्ये शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही.

काही ट्रॅक्टरांत पट्ट्यांऐवजी टाकीच्या कानांतून बोल्ट जातात. तिथे रबरी बुशाच्या आत लोखंडी नळीचा छोटा तुकडा असतो. जुनं रबर काढताना हा तुकडा गंजाबरोबर फेकला जातो, आणि खरी गडबड तिथे होते. त्याची लांबी रबरापेक्षा जरा कमी असते, म्हणून बोल्ट पूर्ण आवळला की तो नळीवर घट्ट बसतो आणि रबर हवं तेवढंच दबतं. नळी नसेल तर बोल्ट रबर चेपत राहतो, कधीच पक्का होत नाही, आणि पुढे टाकीचा कानच मुळातून फाटतो. हरवली असेल तर बोल्ट बसेल अशा नळीचा तुकडा कापून, दोन्ही तोंडं काटकोनात घासून घाला.

"तडा जागेवरच वेल्ड करा"

हे करू नका. डिझेल सहजासहजी पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण वेल्डिंगची उष्णता पत्र्यातून जोडात मुरलेल्या डिझेलपर्यंत पोचली की त्याची वाफ होते. वाफ आणि हवा एकत्र कोंडलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत तर पेट्रोलचाही कप्पा असतो, आणि पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते. एकदा पाण्याने खळबळल्याने जोडांतलं इंधन जात नाही. इंजिनचा धूर टाकीत सोडून ती 'निर्धोक' करण्याची युक्तीही फसवी आहे. डिझेल इंजिन मोकळं चालताना त्याच्या धुरात भरपूर ऑक्सिजन शिल्लक असतो.

ब्रॅकेट बहुतेक वेळा बोल्टने बसवलेला असतो. तो काढून टाकीपासून लांब नेऊन वेल्ड करा. रंग आणि गंज खरवडून लोखंड उघडं करा, जस्ताचा थर असेल तर तोही घासून काढा, कारण त्याचा धूर अंगाला बाधतो. क्रॅक तपासायच्या लाल रंगाने तड्याचं खरं टोक शोधा, ते डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं. त्या टोकावर 3 मिलिमीटरचं भोक पाडलं की तडा पुढे सरकत नाही. तड्यावर व्ही आकाराची खाच घासा, ब्रॅकेट जाड सपाट प्लेटला बोल्टने बांधा, मग वेल्ड करा. न बांधता केलं तर थंड होताना पिळतो. वरून आधाराची पट्टी लावायची असेल तर तिची टोकं निमुळती ठेवा, चौकोनी टोकापाशी नवा तडा सुरू होतो.

टाकीच फुटली असेल किंवा कान टाकीवरच जोडलेला असेल, तर टाक्या वाफेने धुऊन, आतला वायू तपासून मगच काम करणाऱ्या कारागिराकडे द्या.

"त्याच जाडीचे स्टेनलेसचे बोल्ट टाका"

स्टेनलेसला विरोध नाही. फक्त आट्यांना अँटीसीझ (आटे धरू न देणारा लेप) लावा, नाहीतर नट-बोल्ट एकमेकांना कायमचे धरतात. चूक आहे ती 'त्याच जाडीचे' या शब्दांत. 5/16 इंचाचा बोल्ट 7.94 मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना आठचाच. पण 5/16 यूएनसीला (युनिफाइड पद्धतीचे जाड आटे) इंचात 18 आटे, यूएनएफला (त्याच पद्धतीचे बारीक) 24, बीएसएफला (जुन्या ब्रिटिश पद्धतीचे बारीक) 22, आणि मेट्रिक एम8 ला वीसच्या थोडे वर. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे जातो, मग पान्ह्याने रेटला जातो आणि बिडाच्या घरातले आटे घेऊन बाहेर येतो. युनिफाइड आटे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने 1948 साली मान्य केले. त्या सुमाराच्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत व्हिटवर्थ, म्हणजे जुने ब्रिटिश आटे, आणि युनिफाइड एकाच यंत्रावर सापडू शकतात. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे 12 आटे आणि यूएनसीचे 13, म्हणून तिथे बोल्ट लगेच अडतो. 3/8 ला दोन्हीकडे 16, पण आट्यांचा कोन 55 आणि 60 अंश, म्हणून बसल्यासारखा वाटतो आणि हादऱ्यांनी सुटतो. थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून मोजा.

"टाकी उतरवायची गरज नाही"

गंज खालच्या बाजूला असतो, टाकी न उतरवता तो दिसणार कसा? आधी बॅटरीची तार काढा, डिझेल काढून घ्या, कॉक बंद करा, पाइप सोडून दोन्ही तोंडांना स्वच्छ बूच लावा. अडलेल्या बोल्टला गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा. टाकी आणि इंधन लांब गेल्याशिवाय ज्योत लावू नका.

ब्रॅकेट आणि पट्टे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला 10 ते 15 ग्रॅम, चार्जरला जोडून ठेवले की गंज छान निघतो. चार्जरचं ऋण टोक भागाला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. धन टोकाला स्टेनलेस कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. कडक पोलादाचे बोल्ट आणि स्प्रिंगा यात टाकू नका, त्या ठिसूळ होतात. मग प्रायमर आणि रंग, पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही. रंग पूर्ण वाळण्याआधी रबर बसवलं तर ते रंगासकट उचकटतं. अर्ध्या दिवसात हे होत नाही.

पाइप शेवटी जोडा, पट्टे आवळून झाल्यावर. त्याचं तोंड न ओढता, न वाकवता आपल्या जागी आलं पाहिजे. ओढून बसवावं लागत असेल तर टाकी जागेवर नाही, आणि ताणातला पाइप ऑलिव्हपाशी, म्हणजे टोकाला आवळून बसणाऱ्या धातूच्या कड्यापाशी, चिरतो. तांब्याचे वायसर नवे घाला, फिल्टरपासून पंपापर्यंत एअर काढा आणि इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा.