हरलेल्या गुलामांना शिस्त शिकवण्याची सोपी पद्धत

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेत प्राचीन रोममधील गुलामांच्या बंडांवर मी सव्वा तास बोललो. त्यानंतर अध्यक्ष समारोपाला उठले आणि त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला की गुलामांमध्ये एकी नव्हती, शिस्त नव्हती, दूरदृष्टी नव्हती, म्हणून ते हरले. टाळ्या माझ्यापेक्षा त्यांना जास्त पडल्या. या विषयाचा अभ्यास करणे ही चूक असून तो न करता बोलणे हीच खरी विद्या आहे, अशी तेव्हापासून माझी खात्री झाली आहे. आपल्यालाही कधी अध्यक्षस्थान लाभले तर गैरसोय होऊ नये, म्हणून ती विद्या येथे देत आहे.

सुरुवात एकीच्या अभावापासून करावी, कारण हा मुद्दा कोणत्याही पराभवाला चालतो. मात्र रोमन लेखक व्हॅरोचा शेतीवरील ग्रंथ श्रोत्यांच्या हाती लागू देऊ नये. एकाच देशाचे फार गुलाम विकत घेऊ नयेत, असा सल्ला त्यात मालकांना दिलेला आहे. म्हणजे जी फूट आपण गुलामांच्या स्वभावात शोधणार, ती खरेदीच्या वेळीच मोजून-मापून घेतलेली असे. सिसिलीचा उल्लेखही टाळावा. तेथे इ.स.पूर्व १३५ मध्ये एन्ना शहरात सिरियाच्या यूनसने बंड केले आणि बेटाच्या दुसऱ्या भागात सिलिशियाचा क्लिऑन उठला, तेव्हा हे दोघे आपापसांत लढून मरतील, अशी आशा लावून लोक बसले होते. क्लिऑन आपली ५,००० माणसे घेऊन आला आणि यूनसच्या हाताखाली उभा राहिला. असल्या गोष्टींनी समारोप बिघडतो.

शिस्तीवर बोलताना रोमन सैन्याचे गोडवे गावेत आणि पळून आलेल्या आपल्याच सैनिकांतून दर दहांतला एक चिठ्ठी टाकून रोमन सेनापती क्रॅससने मारवला, हे कौतुकाने सांगावे. एन्नाच्या बंडखोरांनी पुढचा विचार करून लहान शेतघरे आणि साठवलेले धान्य जाळले नाही, जाळपोळ केली ती स्वतंत्र गरिबांनी, हे इतिहासकार डायोडोरसने लिहिले असले तरी तो ग्रीक होता, त्याचे किती ऐकायचे?

इटलीतल्या मोठ्या बंडाचा नेता स्पार्टाकस याच्याकडून मोबदला घेऊन समुद्री चाचे त्याला न नेताच निघून गेले; तेव्हा चाच्यांना पैसे आगाऊ देऊ नयेत, हा धडा त्याला अवश्य द्यावा.

सनदशीर मार्गाचे महत्त्व सांगितल्याशिवाय भाषण संपवू नये. इ.स.पूर्व १०४ मध्ये मित्रराष्ट्रांतील स्वतंत्र माणसांना गुलाम म्हणून ठेवता येणार नाही, असा ठराव सेनेटने केला होता, आणि सिसिलीतील गुलाम अगदी आपल्या आवडत्या पद्धतीने सिरॅक्यूजला सुभेदार नर्व्हाच्या दारात जाऊन रांगेत उभे राहिले. काही दिवसांत ८०० हून अधिक जण सुटले. मग बड्या जमीनदारांनी नर्व्हाची भेट घेतली आणि नर्व्हाने उरलेल्यांना ‘आपापल्या धन्याकडे परत जा’ असे सांगितले. दुसरे बंड येथून सुरू झाले. अर्ज, रांग, सुनावणी आणि ‘परत जा’ हा क्रम आपल्या परिचयाचा असल्याने विस्तार करत नाही.

आता अध्यक्षांना सर्वाधिक टाळ्या मिळवून देणारा मुद्दा: ‘आल्प्स समोर होता, वाट मोकळी होती, मग हे मूर्ख मागे का फिरले?’ प्रश्न विचारून थोडे थांबावे आणि खिन्न हसावे. इ.स.पूर्व ७२ मध्ये उत्तर इटलीतील म्युटिनापाशी स्पार्टाकसने तेथल्या सुभेदाराचे सैन्य मोडले होते, हे खरे. संख्येच्या घमेंडीत त्याची माणसे ऐकेनात आणि इटली लुटत फिरली, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तो या युद्धानंतर शंभराहून अधिक वर्षांनी जन्मला. पण आल्प्स ओलांडून जायचे कोठे? घरी? कोणाच्या घरी? स्पार्टाकस थ्रेसचा, आणि त्याच थ्रेसमध्ये त्या वेळी मार्कस ल्युकलसचे रोमन सैन्य लढत होते. पुढे तेच सैन्य इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदरात उतरवून स्पार्टाकसची वाट अडवण्यात आली. गॉलकडे (आजच्या फ्रान्सकडे) जावे, तर तेथील लोक इटालियन व्यापाऱ्याला दारूच्या एका सुरईमागे एक गुलाम देत, असे तोच डायोडोरस लिहितो. ज्यांचा जन्मच इटलीतल्या मालकाच्या घरी झाला होता, त्यांनी कोणत्या गावची वाट धरायची होती? बंडखोर जेथे जाऊन उभे राहतील तेथे माणूस विकत घेण्याची रीत त्यांच्या आधी पोहोचलेली होती; ज्यांनी दोन वर्षे एकामागून एक रोमन सैन्ये हरवली, त्यांना हे समजत नव्हते आणि आपल्याला खुर्चीत बसून समजले, असे आपण मानता काय?

पुरे झाले हे सल्ले. अध्यक्ष महाराज, ती माणसे हरली कारण समोर असे राज्य होते की जे एक सैन्य गमावले की दुसरे उभे करी, आणि तेही गमावले तर तिसरे. क्रॅससने आठ लीजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या आठ तुकड्या, उतरवल्या, स्पेनहून सेनापती पॉम्पी आला, पूर्वेकडून ल्युकलस आला. गुलामांच्या मदतीला कोणते राज्य आले? एकही नाही. युद्ध संपल्यावर काप्युआ ते रोम या सुमारे २०० किलोमीटरच्या रस्त्यावर ६,००० माणसे क्रूसावर चढवली. हिशेब केला तर दर तीस-पस्तीस मीटरला एक. पुढे सम्राट ऑगस्टसने आपल्या पराक्रमांच्या यादीत, राज्याविरुद्ध शस्त्र उचललेले सुमारे ३०,००० पळालेले गुलाम शिक्षेसाठी मालकांच्या हवाली केल्याचे अभिमानाने नोंदवले. अशा राज्याविरुद्ध स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजण्याच्या सळ्या घेऊन बाहेर पडलेल्यांना आपण शिस्तीचे गुण देता, आणि तेही नापास! लाज वाटली पाहिजे. आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाही, कारण त्यांनी माझे व्याख्यान आधीचा सव्वा तास ऐकले होते.

आयोजकांनी पुढील वर्षासाठी मला पुन्हा विचारले आहे. अध्यक्षही तेच असणार आहेत. मी होकार कळवला आहे, मात्र समारोप आधी उरकून घ्यावा, अशी अट घातली आहे.