चौथ्या दिवशीच्या एका रेघेवर विसंबू नका

‘संबंधानंतर चौथ्या दिवशी संवेदनशील प्रेग्नन्सी किट वापरा, 99 टक्के अचूक. एकच रेघ आली तर निर्धास्त राहा. दुसरी फिकट आली तर ती धरू नका.’ हा मेसेज खूप फिरतोय. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी चौथा दिवस. पुरुषबीज बाईच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं, म्हणजे चौथ्या दिवशी गर्भधारणा कदाचित झालेलीही नसते. झाली तरी स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून गर्भ गर्भाशयात रुजेपर्यंत 6 ते 12 दिवस जातात, बहुतेकींच्या बाबतीत 8 ते 10. किट ज्याचा शोध घेते ते एचसीजी हे संप्रेरक लघवीत उतरतं ते त्यानंतर. तोवर कितीही चांगली किट आणा, एकच रेघ येणार. आणि गर्भ नको असेल, तर चौथ्या दिवशी उपाय अजून हातात असतो: संबंधानंतर 5 दिवसांच्या आत डॉक्टर तांबी बसवू शकतात. एका रेघेवर विसंबून ही मुदत निघून जाते, म्हणूनच मला या मेसेजचा संताप येतो.

‘संवेदनशील’ किट म्हणजे कमी एचसीजीही ओळखणारी. काही किट दर मिलिलिटरला 10 मिली-युनिट एवढं एचसीजी ओळखतात, तर बऱ्याच किटना 25 लागतं. पण सुरुवातीला एचसीजी साधारण दोन दिवसांत दुप्पट होतं. 10 चे 25 व्हायला अडीच-तीन दिवस पुरतात. संवेदनशीलतेने मिळतात ते एवढेच दिवस. 99 टक्क्यांचा दावाही पाळी चुकण्याच्या दिवसापासून पुढचा असतो.

फिकट रेघेचं म्हणणं तर उलटंच आहे. पट्टीवरची रंगीत प्रतिपिंडं, म्हणजे एचसीजीला पकडणारी प्रथिनं, त्याला चिकटून रेघेपाशी अडकतात. एचसीजी थोडं असेल तर रंगही थोडा. दिलेल्या वेळेत, बहुधा 3 ते 5 मिनिटांत, उमटलेली फिकट पण रंगीत रेघ पॉझिटिव्हच धरायची. पट्टी वाळल्यावर दिसणारी राखाडी खूण मात्र धरू नये. शंका वाटली तर 48 तासांनी पुन्हा करा. मधल्या काळात पाळीसारखा रक्तस्राव झाला, तर रुजलेला गर्भ फार लवकर गळून गेलेला असू शकतो. म्हणून आधीची रेघ खोटी ठरत नाही.

मग चाचणी कधी करायची? पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीने, आधी भरमसाट पाणी न पिता. पाळी अनियमित असेल तर शेवटच्या संबंधानंतर 21 दिवसांनी. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा, आणि तरीही आली नाही तर डॉक्टरांकडे. गर्भ गर्भाशयात रुजलाय की बाहेर, बीजवाहक नलिकेत, हे किट सांगू शकत नाही. म्हणून ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी कळ आली किंवा चक्कर आली, तर रेघा मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.